तोंडाकडे बघणारा माणूस

आमचे हे माझं गाणं तोंडाकडे बघून ऐकत. टक लावून. मी भाजी निवडता निवडता गुणगुणायला लागले की हे हातातला पेपर खाली ठेवणार, पाट ओढून समोर बसणार आणि बघत राहणार. नव्या नवरीला असं बघणं आवडतं, खोटं कशाला बोलू? पण पोरगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, माझ्या भांगात पांढरे केस आले, तरी यांचं बघणं काही कमी होईना. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, तुमच्या अंगाची हळद अजून उतरलेली दिसत नाही बाप्पा. मी वरवर चिडायची आणि आतून फुगायची.

चिडणं तसंही मला नवीन नाही. माझे वडील रेल्वेत, नागपूरकडून दुर्गला येणाऱ्या लाइनवर. आमचं लहानपण छोट्या छोट्या स्टेशनांच्या क्वार्टरांत गेलं, तेव्हा गाडीच्या वर आवाज चढवून बोलायची आम्हा सगळ्यांना सवय. आई म्हणायची, ही पोरगी बोलली तरी भांडल्यासारखी वाटते अन् गायली तरी. गाणं मला कोणी शिकवलं नाही. शाळेतल्या कविता मी माझ्याच चालीत म्हणायची. कविता संपल्या तेव्हा स्वतःच्या ओळी जुळवायला लागले, आणि त्या आमच्या घरच्या बोलीत, मले-तुलेवाल्या. शाळेतल्या बाईंनी टोकलं की ही गावंढळ भाषा गाण्यात शोभत नाही. मी म्हटलं, बाई, मग मी रडते कोणत्या भाषेत ते तरी सांगा. त्या दिवशी तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभी होते.

लग्न करून भिलाईला आले ती सेक्टर दोनमध्ये. तेव्हा हा सगळा मध्य प्रदेश. हे पोलादाच्या प्लांटमध्ये, तिथल्या मिलमध्ये क्रेन चालवत. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे अंगण, आणि एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. इकडे कोणाला ठसका लागला की तिकडून पाणी प्या म्हणून आवाज यायचा. अशा घरात माझ्यासारखीनं गायचं कसं? त्यात पाळ्यांचं प्रकरण. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार, आणि त्याची झोप म्हणजे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत सोवळ्यासारखी गोष्ट. त्याच्या घरानं तर पाळायचीच, आजूबाजूच्या घरांनीही पाळायची. बायका बांगड्या कोपरापर्यंत सारून भांडी घासत. कुकरची शिटी व्हायच्या आत स्टोव्ह बारीक. पोरांना पार पलीकडच्या मैदानात पिटाळायचं. कोणत्या घरी कोणती पाळी चालू आहे, हे आम्हाला चतुर्थी-एकादशीसारखं पाठ असायचं.

मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या मी अंगणात कपडे वाळत घालताना मोकळ्या गळ्यानं गायले आणि शेजारची वहिनी दारात आली. भांडायला नाही, बिचारी हात जोडून म्हणाली की हमारे ये अभी अभी सोए हैं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत मी घरात चवड्यांवर चालत होते. त्या शरमेतूनच माझं भिलाईतलं पहिलं गाणं झालं:

हळू वाज वं बांगडी, हळू लाग रे दारा,
रात जागून निजला धनी, हळूच ये रे वारा.

हे ड्यूटीवरून आले तेव्हा मी ते चुलीपाशी बसून, जवळजवळ कुजबुजत म्हणून दाखवलं. यांनी सगळं ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं आणि मान हलवली. बस, तेव्हापासून आमचा रिवाज पडला. नवं गाणं आधी यांच्यापुढे. यांची मान हलली तर ते गाणं, नाहीतर केरात. तालीम, गुरू, परीक्षा, जे काय म्हणायचं ते सगळं माझ्यासाठी त्या एका मानेत होतं. आणि हे लाडानं वा वा करणारे नव्हते. कितीतरी गाणी त्यांनी नापास केली, आणि त्या पायी मी कितीतरी वेळा अबोला धरला.

ते बांगडीचं गाणं आधी हळदीकुंकवाला म्हटलं, मग मराठी मंडळाच्या गणपतीत. स्टेजवर उभी राहिले तरी आवाज चढेना, हळू गायची सवय लागून गेलेली. माइकवाला खालून खुणा करत होता, ताई, जोरात, जोरात. मी तशीच म्हणत गेले. झालं असं की लोकांनाच गप्प बसावं लागलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी मागच्या पोरांना दटावलं, खुर्च्या सरकायच्या थांबल्या, आणि अख्खा मांडव रात्रपाळीवाल्याच्या घरासारखा चिडीचूप झाला. पुढे दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर, जिथे जिथे आमची माणसं होती तिथे तिथे माझं नाव पडलं ते हळू गाणाऱ्या बाई म्हणून. वर्षानुवर्षं मी अशी गात फिरले. पेटीवाला ज्या त्या गावचा, गाणं माझं, आणि डब्यात पोळ्या घरच्या.

रायपूरच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस एकदा क्वार्टरवर आला होता. म्हणाला, आवाज मीठा आहे, हिंदी भजनं गा, शब्द आणि चाल आमची. मी विचारलं, मग माझं काय? तो म्हणाला, आवाज. मी त्याला चहा पाजला आणि वाटे लावला. हे पाटावर बसून बघत होते. तो गेल्यावर एवढंच म्हणाले की बरं केलं.

आता एक गोष्ट मला खटकायची, ती सांगते. हे जे बोलत ते शब्दांवर. हा शब्द बदल, इथं 'नवरा' नको 'धनी' घे, ही ओळ आखूड कर. एकदम नेमकं. पण चालीबद्दल एक अक्षर नाही. पहिली काही वर्षं बोलत असत, मग ते हळूहळू बंद झालं. मी मुद्दाम विचारायची की चाल कशी वाटली, तर उत्तर ठरलेलं, चांगली आहे. मी एकदा एकच गाणं दोन वेगळ्या चालींत म्हणून दाखवलं, तर दोन्ही चांगल्या. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. हे हसले. मनापासून हसले, म्हणून मला आणखी राग आला.

माझ्या डोक्यात उजेड कसा पडला नाही, याचं आज नवल वाटतं. मिलमध्ये एवढा आवाज की तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, बघतात. खालचा सिग्नलमन हातानं दाखवणार, वर क्रेनमधला माणूस त्याप्रमाणे माल उचलणार. बाकीची बोलणी ओठांवरून. यांना तर वरून, एवढ्या उंचीवरून, खालचा माणूस कोणाला शिव्या घालतो तेही कळायचं. घरी खिडकीत उभे राहून हे आम्हाला करमणूक म्हणून सांगत, बघ, त्या पलीकडच्या बाई म्हणून राहिल्या की वांगी किडकी निघाली. पोरगी आणि मी हसून हसून लोळायचो. आणि जेव्हा यांनी क्रेन सोडून टूल रूममध्ये बदली घेतली, तेव्हा मला सांगितलं की शिडी चढून गुडघे दुखतात. मी रोज तेल गरम करून यांच्या गुडघ्यांना चोळत होते. चांगल्याभल्या गुडघ्यांना.

मग माझ्या स्वतःच्या कॅसेटचे दिवस आले. मंडळातले लोक मागे लागले की तुमची गाणी आम्हाला घरी ऐकायची आहेत. कंपनीला तर मी वाटे लावलेलं, म्हणून स्वतःच काढायची ठरवली. पावर हाउस म्हणून स्टेशन आहे, तिथल्या बाजारात टेप दुरुस्त करणारं एक दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून मालकानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. त्याला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. तोही तेच म्हणाला, बहनजी, थोड़ा ज़ोर से. बाहेर ऑटोवाले सवारीसाठी ओरडत होते आणि एका गाण्यात तर स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीची शिटी आली. मालक पुन्हा घेऊ म्हणाला. मी म्हटलं राहू द्या, ती शिटी माझ्या माहेरची आहे.

कॅसेट हातात आली तो रविवार होता. यांना सुटी. मला काय आनंद झाला होता, शब्दांत सांगता येत नाही. पोरगी मैत्रिणीकडे गेलेली, घरात आम्ही दोघंच. टेपवर धुतलेला रुमाल घातलेला होता, तो काढला, यांना समोर बसवलं आणि बटण दाबलं. या वेळी मला गायचं नव्हतं. मी भिंतीला टेकून यांच्याकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी बघणार आणि हे ऐकणार.

यांनी आधी टेपकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे. माझं तोंड बंद होतं. मग यांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले. मांडीवर बोटांनी ठेका. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू झालं, आणि मध्येच फीत अडकली. खर्र करून आवाज बंद. मी उठणार तेवढ्यात बघते तर यांची मान तशीच डोलत होती. बोटं तशीच चालली होती. खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

मी म्हटलं, अवो. मग पुन्हा म्हटलं, जरा जोरात. हे डोलतच होते. थोड्या वेळानं डोळे उघडले आणि म्हणाले, वा, झकास झालं.

मला एकदम काय सुचलं कोणास ठाऊक. मी पदर घेतला, नाकापर्यंत तोंड झाकलं आणि पदराआडून विचारलं की तुमाले आयकू येते का. हे माझ्याकडे बघत राहिले. यांचा चेहरा उतरला. लहान पोराचा होतो तसा. मग हळूच म्हणाले, "पदर काढ ना वं."

मी तडक उठून अंगणात गेले आणि सकाळी धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्हींपैकी आधी कशाला वाट द्यावी हे कळत नव्हतं. बहिरा झाला म्हणून राग नव्हता, तो कोणाच्या हातात आहे? राग याचा की इतकी वर्षं मी मिरवत होते, माझा माणूस माझ्याकडे बघताना थकत नाही म्हणून, आणि हा तर ओठ वाचत होता. आणि माझ्या चाली? एकामागून एक मी त्या यांच्या मानेवर पास केल्या होत्या. ती मान तर ऐकतच नव्हती.

हे मागून आले आणि नळाजवळच्या दगडावर बसले. माझ्यासमोर, नेहमीसारखे. मग सगळं सांगितलं. यांच्या घरातच ते होतं. सासरेही ऐन उमेदीत बहिरे झाले होते, त्यांच्याशी आम्ही ओरडूनच बोलायचो. यांना बारीक आवाज आधी जायला लागले, म्हणजे माझाच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वाढत जाईल. यांनी स्वतः साहेबांना जाऊन सांगितलं आणि क्रेन सोडली. प्लांटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या वहिनींना ठाऊक होतं. नव्हतं ते मला.

"कावून नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुले मालूम पडलं असतं तं तू गाणं सोडलं असतं."

ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. मांडव भरून लोक ऐकत, पण मी गाणं बनवत होते ते एका माणसासाठी. तो ऐकत नसेल तर कोणासाठी बनवायचं? मी तसं तोंडावर सांगून टाकलं. म्हटलं, मग आता सोडते. आणि हेही म्हटलं, टोमणा मारायचा म्हणून, की इतके दिवस मले वाटे तुमी मायाकडे पाहता, तुमी तं ओठ पाहत होते.

हे दगडावर थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, "पयले तं तशीच पाहत होतो. मंग ते कामी पडलं. आता तू गाणं सोडशीन, तं मी काय पाहू?"

माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. नळ वाहत होता, तो यांनी उठून बंद केला.

गाणं सोडलं नाही. यांच्या कानाला मशीन आणलं, खिशात डबी आणि कानात तार. पण त्यातून कुकर, मिक्सर, रस्त्यावरचा ट्रक, सगळं माझ्याआधी यांच्या कानात शिरायचं. काही दिवसांनी ती डबी देव्हाऱ्याखालच्या खणात गेली. मला मात्र चैन पडेना. शब्द यांच्यापर्यंत पोचत होते, चाल पोचत नव्हती. अर्धं जेवण वाढल्यासारखं वाटायचं.

मग मी चाल सांगायला लागले. तोंडानं सांगून पाहिलं की ही ओळ वर जाते, तर हे विचारणार, किती वर? एकदम का हळूहळू? वर जाऊन थांबते का परत येते? क्रेनवाला माणूस, त्याला सगळं नेमकं पाहिजे. माझी तर बोबडीच वळायची. म्हणून लिहायला बसले. हे सकाळच्या पाळीला गेले की मी स्वैपाक उरकून लिहायची आणि हे आले की चहाबरोबर पुढे ठेवायची. पहिल्यांदा लिहिलं ते असं काहीतरी की धृपद सपाट रस्त्यावर सायकल चालवल्यासारखं आहे, पायडल मारायची गरज नाही, आणि कडव्यात मात्र पुलाचा चढ लागतो. यांनी वाचलं. म्हणाले, चढ कडव्याच्या शेवटी पाहिजे, सुरुवातीलेच माणूस दमते. मी म्हणून बघितलं. शप्पथ सांगते, गाणं उजळून निघालं. त्या दिवशी चालीवरून आम्ही कडाकडा भांडलो, कित्येक वर्षांनी, आणि मी इतकी खूश होते की भाजीत मीठच टाकलं नाही.

नुसती चाल लिहून भागेना. ही चाल अशी का आली, हे सांगायला तो दिवस सांगावा लागे. कोण आलं होतं, कोण गेलं होतं, हवेत कसला वास होता, मी कोणावर चिडले होते. एका गाण्यामागे चार पानं, दुसऱ्यामागे त्याहून जास्त. वडिलांची स्टेशनं आली, लाइनीतल्या बायका आल्या, रात्रपाळीच्या दुपारी आल्या. हे वाचत आणि मध्ये मध्ये भांडत की असं नव्हतं झालं, मी तिथे होतो. पोरगी मोठी झाली तेव्हा तिनं तो सगळा ढीग एकदा वाचला. तिचं घरातलंसुद्धा बोलणं तोवर हिंदीवर गेलेलं, मराठी बोट लावून वाचायची. वाचून म्हणाली, आई, ये तो किताब है. मी म्हटलं, ही तुझ्या बापाला लिहिलेली कटकट आहे. पण नागपूरच्या एका छापखान्यातून मी ते स्वतःच छापून आणलं, कॅसेट काढली तसंच. मग कार्यक्रमांत मी दोन गाणी म्हणायची आणि एक पान वाचायची. लोकांना वाचलेलंही आवडायला लागलं. लोक मला लेखिका म्हणायला लागले तेव्हा मला हसूच आलं.

हे रिटायर झाले आणि आम्ही स्मृति नगरला राहायला गेलो. आता भिंत सामायिक नव्हती, कोणाची पाळी नव्हती, पाहिजे तेवढ्या जोरात गायला मोकळी. आणि नेमका तेव्हाच माझा गळा गेला. एका हिवाळ्यात मोठं दुखणं झालं आणि त्यातून उठले ती आवाज फाटलेला घेऊनच. खालचे सूर लागत, वर गेलं की चिरफळ्या. मी दुर्लक्ष केलं. म्हटलं, वय झालं, थोडं होणारच. पण मंडळाच्या गणपतीत मी बांगडीचं गाणं घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला असा काही आवाज निघाला की पुढची पोरं खुदकन हसली. त्यांच्या आयांनी त्यांना दटावलं, आणि ते दटावणं मला हसण्याहून जास्त लागलं.

पुढच्या वर्षी कमिटीतली एक तरुण मुलगी घरी आली. फार गोड बोलली. म्हणाली, काकू, यंदा आम्ही तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, दोन शब्द बोला, बस. गाण्याचं तिनं नावही काढलं नाही. मी एवढी जिभेची तिखट, तरी तिच्या हातावर साखर ठेवली आणि दारापर्यंत पोचवून आले. शाल-श्रीफळाचा अर्थ मला चांगला कळतो.

त्यानंतर मी गुणगुणणंही बंद केलं. आवाज माझा मलाच ऐकवत नव्हता. भाजी निवडताना तोंड मिटलेलं. हे येऊन समोर बसायचे, वाट बघायचे, आणि उठून जायचे. मला वाटलं, बरं झालं, यांना तरी काही कळायचं नाही. पण एका दुपारी यांनी माझ्या पुढ्यातली भाजीची परात बाजूला केली आणि विचारलं की गाणं कावून बंद आहे. मी काय सांगू? हसलेली पोरं सांगू? शेवटी मी म्हटलं, माझा आवाज गेला. यांच्यासाठी तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, म्हणजे नीट वाचता यावं.

हे म्हणाले, "कुठं गेला? मायापाशी आहे ना."

मला वाटलं, यांना वाचता आलं नाही. मी पुन्हा सांगितलं की फाटला, लोक हसतात, मले शाल देऊन बसवून राहिले.

"लोकायचं मले नोको सांगू," हे म्हणाले. "मी तुया आवाज आयकला तवा तू एवढीशी पोरगी होती, नवी नवी आलेली. मंग मायं आयकणंच गेलं. त्याच्यानंतर कोणताच आवाज माया कानात आला नाई, म्हून तोच राहिला. तू तोंड उघडते, मले तोच येते. म्हातारी तू झाली, तो नाई झाला. म्हण."

मी म्हटलं. आधी रडले, मग म्हटलं. बांगडीचंच म्हटलं, आणि वरच्या ओळीला व्हायचं तेच झालं, आवाजाच्या चिंध्या झाल्या. हे समोर बसून बघत होते आणि यांची मान डोलत होती. मला माहीत होतं की ही मान काय ऐकून डोलते आहे. मग मी कमिटीतल्या त्या मुलीनं ठेवलेल्या सत्काराला गेले, शाल घेतली, आणि माइक समोर आला तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या यांच्याकडे तोंड करून गायले. कोणाला बरं वाटलं, कोणाला नाही. त्यानंतर जेवढी वर्षं हे होते, तेवढी वर्षं मी गात राहिले.

आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून नवं राज्य व्हायच्या थोडं आधी हे गेले. भेटायला येणारे म्हणत की तुमचा पहिला श्रोता गेला. मी हो म्हणायची. चांगली माणसं होती, त्यांना काय समजावणार? माझ्या कॅसेट आहेत, पुस्तक आहे, पण त्या कॅसेट पुढच्या, सगळ्या पावर हाउसच्या त्या खोलीपासूनच्या. मी लग्न होऊन आले तेव्हाचा, चुलीपाशी बसून कुजबुजलेला माझा आवाज कोणी भरून ठेवला नव्हता. तो एकट्या यांच्या कानात होता. यांना नेलं त्या दिवशी तोही गेला, आणि मी दोघांसाठी रडले.